खोट सांगायची राहिली

विलास, मागच्या रविवारी तुझ्या घरासमोरच्या मांडवात उभा राहून मी दहा मिनिटं तुझी तारीफ केली. पांढरा शर्ट घातला होता, हातात माइक होता. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या आणि अर्धं नरडाणा. मी म्हणालो, असा गायक खानदेशात दुसरा झाला नाही. म्हणालो, ताप्ती लाइन बँडचा हा शेवटचा अल्बम म्हणजे विलासच्या आयुष्याचा कळस आहे, त्यात बोट ठेवायला जागा नाही. लोकांनी माना डोलावल्या, कुसुमवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. तू असतास तर मांडवाच्या खांबाला टेकून तिथूनच मला शिवी हासडली असतीस. तीस वर्षांत मी तुझ्याबद्दल एवढं गोड कधी बोललो नव्हतो. आणि बोट ठेवायला जागा आहे, विलास. मला ती पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच सापडली होती. तुला तर ती माझ्याआधी ठाऊक होती.

ते सांगायचं राहिलं. म्हणून हे लिहायला बसलोय. सराफाच्या दुकानात जुनं सोनं तपासणाऱ्या माणसाला लिहिण्याचा सराव नसतो, तेव्हा इकडंतिकडं झालं तर सांभाळून घे. नाही, सांभाळून घेऊ नकोस. तुझ्यामाझ्यात ते कधीच नव्हतं.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्यात, कॉलेजच्या गॅदरिंगला. मी शिंदखेड्याहून येऊन बी. कॉम.चं शेवटचं वर्ष दुसऱ्यांदा देत होतो. तोवर बँड म्हटलं की आम्हाला लग्नातला बँड माहीत. गाडीवर ऑर्गन, पुढं नाचणारी मंडळी, धूळ. तुम्ही चौघं आलात ते लाल गिटार, फुटका ड्रम आणि दोन सायकली एवढ्या सामानावर. आणि तू गायला लागलास ते आमच्या घरात बोलतात त्या बोलीत. जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगावर, नळाला न आलेल्या पाण्यावर, मेल गाड्या न थांबणाऱ्या आपल्या स्टेशनावर. असलं गाणं असू शकतं हेच मला माहीत नव्हतं. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, "वरातीचं वाजवा" म्हणून आरडाओरड झाली. तू डोळे मिटून गात राहिलास.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागं आलो आणि सांगितलं, दुसऱ्या गाण्यापासून तुझी तिसरी तार उतरली होती. तू मला खालून वर पाहिलंस.

"तू कोन रे? तुले वाजाडता येस का?"

मी म्हटलं, वाजवता येत नाही, ऐकता येतं. सुपडू ड्रमच्या काठ्या पुसता पुसता हसला. तू हसला नाहीस. गिटार उचललीस, तिसरी तार छेडलीस, कान लावलास आणि मान हलवलीस. मग मला चहाला नेलंस. आपली ओळख ती एवढीच. पुढं लोक विचारायचे की तुम्ही कसे मित्र झालात, तेव्हा तू सांगायचास, सुन्याने मला पहिल्याच दिवशी लाज आणली.

तेव्हापासूनचा शिरस्ता. कार्यक्रम झाला की आधी चहा, मग तू बशी खाली ठेवून म्हणायचास, "खोट सांग." एकच सांगायची, त्याच दिवशी, तोंडावर. तारीफ करायची नाही, त्याला लोक आहेत. सुपडूच्या खळ्यातल्या खोलीत सराव चालायचा तेव्हाही मी भिंतीला टेकून बसायचो, गाणं झालं की खोट सांगायचो आणि वर म्हणायचो, पुन्हा घे. तू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास आणि पुन्हा घ्यायचास. पुढं मी जळगावला सराफ बाजारात चिकटलो आणि दिवसभर तेच करायला लागलो. समोर बाई उभी असते, आईची पाटली कसोटीच्या दगडावर घासायची, अॅसिडचा थेंब टाकायचा आणि तिच्याकडे न बघता सांगायचं, यात एवढी खोट आहे. आता मशीन आलंय, पण मालकांना अजून माझाच डोळा लागतो. तू सगळ्यांना सांगायचास की सुन्याला नोकरी माझ्यामुळं लागली, सराव माझ्यावर झालाय.

भडगावची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. गणपतीत कुणी तरी हौसेनं तुम्हाला बोलावलं होतं आणि लोकांना वाटलं नाचायची गाणी आहेत. तिसऱ्या गाण्याला समोर सतरंजीवर अकरा माणसं उरली. त्यात दोन झोपलेली, एक मी. तू अकरा जणांसाठी तासभर गायलास. नंतर गिरणेच्या पुलावर बसून आपण कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि तू म्हणालास, खोट सांग. मला वाटलं आज तरी सोडून द्यावं. पण तू बघत होतास. मी सांगितलं की पाचव्या गाण्यात तू लोकांवर रागावून गायलास, गाण्यावर नाही. तू हातातली भाकरी मोडलीस. मग अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवलीस. दुसऱ्या कुणी अशा दिवशी तुझी समजूत काढली असती. तुला समजूत नको होती, तुला कुणी तरी नीट ऐकायला हवं होतं.

तुझे वडील गेले तेव्हाचंही आठवतं. भीमजयंतीला गावोगाव ढोलकीवर गाणारा माणूस, तुझा आवाज आला तो त्यांच्या गळ्यातून. पण दारू पिऊन दोनदा त्यांनी तुझ्या आईला घराबाहेर काढलं होतं, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्यांच्या पुण्यानुमोदनाला एकेक जण उठून बोलला. कुणी त्यांना देवमाणूस म्हटलं, कुणी समाजभूषण. तू मला कोपराला धरून बाहेर आणलंस, बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "मरेल माणूसमा खोट ऱ्हास नही." मग म्हणालास, आपला बाप आज खरा मेला, आज त्याला कुणी काही म्हणालं नाही. मी तेव्हा नुसता हो म्हणालो. तुझं ते वाक्य पुढं माझ्यावरच येऊन पडेल असं तेव्हा कशाला वाटेल?

आता पेल्याचं. लोकांना ही गोष्ट तू रंगवून सांगायचास, त्यात पेला कधी कधी कळशी व्हायचा. खरं काय झालं ते मी सांगतो.

'पऱ्हाटी' ही तुमची पहिली कॅसेट. धुळ्याचा एक माणूस मशीन घेऊन सुपडूच्या खळ्यात आला होता. शेवटच्या गाण्यात ती लांब ओळ, एका श्वासात, वर चढत जाणारी. सकाळपासून नऊ वेळा घेतली आणि नऊ वेळा मी खोट काढली. दहाव्यांदा तू डोळे मिटलेस आणि ती ओळ अशी उचललीस की माझ्या अंगावर काटा आला. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होतो, चौदा सेकंद. आणि शेवटी शेवटी माझ्या दुसऱ्या हातातला स्टीलचा पेला सुटला. फरशीवर पडला. ठण्ण. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो आणि म्हणालो, पुन्हा घे. आयुष्यात पहिल्यांदा तू नाही म्हणालास. अशी पुन्हा येणार नाही, म्हणालास. "तुना पेला ऱ्हाऊ दे." तो राहिला. तुझ्या आवाजाच्या शेपटाला, बारीक, ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू येणारा. हजारभर वेळा मी ती कॅसेट ऐकली असेल. गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण ताप्ती लाइनच्या कॅसेटवर मीही आहे याचा मला फार अभिमान होता. तुला कधी बोललो नाही. तुला माहीत असणार.

दुसरी सीडी, 'भारनियमन', तिच्यावरून आपण दीड वर्ष बोललो नाही. मी म्हणालो की नऊपैकी चार गाणी वर्तमानपत्रातल्या पत्रांसारखी आहेत. तू म्हणालास, दुकानात एसीत बसणाऱ्याला अंधार काय कळणार. मी म्हणालो, अंधार कळतो, भाषण कळत नाही. तो वाद मिटला नाही, नुसता थांबला. सुपडूच्या मुलीच्या लग्नात तू माझ्या ताटात भरीत वाढलंस आणि पुढं चालू झालो. आजही सांगतो, चार गाणी जास्त होती. तू तीन म्हणतोस ते तुझं.

पण एक गोष्ट आहे, तिचा विचार मला झोपू देत नाही. बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर एका कार्यक्रमानंतर मी खोट सांगितली होती की दुसऱ्या कडव्यात तुझा खोकला माइकमध्ये आला. तू म्हणालास, बरं, तोंड फिरवीन. आणि पुढच्या वेळी फिरवलंस. मला बरं वाटलं, खोट निघाली. जिनिंगमध्ये तू वीस वर्षं कापसाच्या उडत्या तंतूंत उभा होतास, नाकाला फडकं बांधून. मी तार उतरलेली ऐकली, सूर घसरलेला ऐकला, आणि तुझ्या छातीतली घरघर मला फक्त रेकॉर्डिंगचा दोष वाटली. खोकला तोंड फिरवून जात नसतो, हे म्हणायला तेव्हा मला कुणी अडवलं होतं? धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला तेव्हा निम्मी फुप्फुसं गेली होती. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला विचारलंस, आता किती सेकंद निघतील? मी म्हणालो, बघू. डॉक्टरांना विचारायचं सोडून तू मला विचारलंस, आणि मी बघू म्हणालो.

तरी तू शेवटचा अल्बम काढायचाच म्हणालास. बास वाजवणारा कधीचा सुरतेला गेला, कीबोर्डवाला देवाघरी. तू आणि सुपडू, दोन म्हातारे. नाशिकला दोन दिवस रेकॉर्डिंग, तुझ्या पायाशी ऑक्सिजनचं मशीन. मी येणार होतो, पण त्या आठवड्यात दुकानात लग्नसराई होती आणि मी सुट्टी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती. खरं सांगायचं तर मला तुला नळी लावून गाताना बघायचं नव्हतं.

अल्बमचं नाव 'दोन मिनिटं'. पॅसेंजर आपल्या स्टेशनावर थांबते तेवढी. तुझी जवळजवळ सगळी गाणी त्या दोन मिनिटांबद्दलच होती म्हणा, कोण चढलं, कोण राहिलं. बाहेर यायच्या आठ दिवस आधी तू मला ती सात गाणी फोनवर पाठवलीस. मी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या गच्चीवर जाऊन ऐकली.

नियम एका खोटीचा आहे, पण तू आता मला अडवू शकत नाहीस, तेव्हा सगळंच सांगून टाकतो. पहिलं गाणं चांगलं आहे, सुपडूनं साठीत असं वाजवलं यावर विश्वास बसत नाही. दुसरं लांबलं. तिसऱ्यात तू जिनिंगच्या मुकादमाचं वर्णन करतोस ते ऐकून मी एकटा हसलो. चौथं वहिनींवरचं, त्याबद्दल मी काय बोलणार. पाचवं काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. सहाव्यात तुझा आवाज फाटलाय आणि त्या फाटण्यात जे आहे ते तुझ्या तरुणपणीच्या एकाही गाण्यात नव्हतं. तिथं मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. वाटलं, विल्या, जमलं तुला.

मग सातवं. शेवटचं गाणं फिरून 'पऱ्हाटी'च्या त्याच लांब ओळीवर येतं. ती जवळ आली तसा मी घड्याळाकडे बघू लागलो, कारण सहा गाणी मी तुझा श्वास मोजत आलो होतो. दोन सेकंद, तीन, फार तर चार. आणि ओळ आली. अखंड, वर चढत, चौदा सेकंद. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, काय माणूस आहे, मरता मरता कुठून आणलं हे!

आणि शेवटी, अगदी बारीक, ठण्ण.

मी चार वेळा ऐकलं. नाशिकच्या मशीननं तुझा आवाज जुन्या कॅसेटमधून वेगळा काढून धुऊनपुसून नव्या गाण्यात बसवला होता. हल्ली ते जमतं म्हणे. सांधा मलाही कळला नसता. पण माझा पेला मी ओळखणार नाही का? शेवटच्या गाण्यातली सगळ्यांत मोठी ओळ तरुणपणीच्या तुझी होती, मेलेल्या फुप्फुसांच्या आधीची. माझ्याकडे रोज अशा वस्तू येतात, आजीच्या पुतळ्यांच्या माळेचं सोनं घालून घडवलेल्या. त्यात वाईट काही नाही. फक्त नवी म्हणून विकायची नाही.

संध्याकाळी तुला फोन करायचं ठरवलं होतं. त्याआधी वहिनींचा आला. म्हणाल्या, भाऊ, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे. ते तुमच्या फोनची वाट बघतायत, सकाळपासून जेवले नाहीत. आता त्यांना लागेल असं काही बोलू नका. मी त्यांना शब्द दिला. त्यांच्यावर ढकलत नाही, विलास. ती माउली चार वर्षं तुझी नळी सांभाळत होती, तिनं दुसरं काय मागायचं होतं? तीस वर्षं मी कुणाचं ऐकून गप्प बसलो नव्हतो, त्या दिवशी बसलो. कारण मलाही तेच सोपं होतं.

तू फोन उचललास. मागं मशीनची घरघर. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"खोट सांग."

"काहीच नही," मी म्हणालो. "बठ्ठं चांगलं शे."

मला वाटलं फोन कट झाला. मग तू विचारलंस, शेवटचं गाणं नीट ऐकलं का? मी म्हणालो, ऐकलं, चार वेळा ऐकलं, कमाल केलीस. पुन्हा घरघर. मशीनचा एक आवाज जातो आणि दुसरा येतो, त्यामधल्या जागेत तू बोललास. इतकं हळू बोललास की तुझं हे वाक्य मला रोज नव्यानं ऐकू येतं.

"मंग मी मरी गऊ का रे?"

मी हसलो. काय बोलतोस, म्हणालो. मला कळलं होतं आणि मी हसलो. तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस, जळगावात ऊन किती आहे विचारलंस, आणि ठेवतो म्हणालास. शुक्रवारी अल्बम आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तू गेलास. मधल्या बारा दिवसांत मी तुला एकदाही फोन केला नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो, पेला ऐकला म्हणून सांगतो. आणि रोज मला वाटायचं, राहू दे, आता त्याला कशाला त्रास.

रविवारी मांडवातलं भाषण झाल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. हात जोडले. म्हणाल्या, भाऊ, फार चांगलं बोललात, त्यांना बरं वाटलं असेल. त्यांच्यापुढं मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला रडू आवरेना.

मी निघालो तेव्हा सुपडू सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मी त्याला हातभार लावू लागलो. दोन टोकं त्याच्याकडं, दोन माझ्याकडं. तो माझ्याकडं बघत नव्हता. शेवटी म्हणाला, सुन्याभाऊ, तुला खरंच कळलं नाही का?

मी म्हटलं, कळलं होतं.

सुपडूनं सतरंजी खाली ठेवली. मग त्यानं सांगितलं. ती लांब ओळ तू नाशिकला गायली होतीस. एका श्वासात निघाली नाही, तीन तुकड्यांत निघाली, मधे मशीनचा आवाज. रेकॉर्डिंगवाला म्हणाला की हे घेता येणार नाही, जुनं लावू. सुपडू नको म्हणाला. तू दोघांचं ऐकलंस, दोन्ही तयार करून ठेवायला लावलीस आणि निकाल माझ्यावर सोडलास.

"तो म्हने, सुन्या बोलना तर काढी टाकू," सुपडू म्हणाला. "नही बोलना तर ऱ्हाऊ द्या."

आठ दिवस होते, विलास. मी एक शब्द बोलायचा होता. पेला. एवढं म्हणालो असतो तरी तू नाशिकला फोन लावला असतास आणि तुझ्या शेवटच्या अल्बमवर शेवटी तू असतास. आता हजारो लोक ती ओळ ऐकून म्हणतायत, शेवटपर्यंत आवाज कसा टिकवला बघा. कुणी मला ती पाठवतं तेव्हा मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतो. तू सापळा लावला नव्हतास हे मला माहीत आहे. तू लाजला होतास, आणि मी पकडावं म्हणून दार उघडं ठेवून बसला होतास. मी दारापर्यंत आलो, आत तुला पाहिलं आणि बाहेरूनच हार घालून निघून गेलो.

मला तुझा रागही येतो. माझ्यावर का टाकलंस? तुझं गाणं, तुझा श्वास, तूच म्हणायचं होतंस, जुनं काढा. तीस वर्षं मला वाटायचं की माझ्या खोटीची तुला गरज आहे. आता वाटतं, माझ्या आड तू थोडा लपायचासही. हे भांडण आपण गिरणेच्या पुलावर बसून केलं असतं तर दोन तास पुरलं असतं. एकट्यानं भांडायला मजा येत नाही.

सुपडूनं नाशिकचा तो तुकडा माझ्या फोनवर पाठवला. परतीच्या पॅसेंजरमध्ये ऐकायचा ठरवला, अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, बोट पुढं सरकेना. चार दिवस तसाच ठेवला. आज जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर आलो. ऊन मरणाचं आहे. खाली बाजारात गर्दी आहे. डबा उघडला नाही, आधी ते ऐकलं.

तू ओळ उचलतोस. जेमतेम चार सेकंद, आणि तुटते. मशीन घरघरतं. सुपडू थाप देत नाही, नुसता काठीनं कडेला टिकटिक करत तुझ्यासाठी थांबतो. तू पुन्हा तिथूनच धरतोस जिथं सुटली होती, सूर तसूभर हललेला नाही. पुन्हा तुटते. पुन्हा घरघर, आता जास्त लांब, मला वाटलं संपलं. मग तिसरा तुकडा, वरचा, सगळ्यांत अवघड, आणि तू तो पुरा करतोस. नंतर मागं कुणाचंही काही पडत नाही. नुसता तू श्वास घेतोस, आणि तो श्वास बराच वेळ चालतो.

तीस वर्षांत तू यापेक्षा मोठं काही गायला नाहीस. ही तारीफ आहे, ती मला करायची नव्हती, झाली.

पण तू मेला नाहीस असं धरून चालायचं असेल तर नियमानं वागलं पाहिजे. चहा मी एकट्यानं घेतलाय. बशी खाली ठेवली आहे. खोट सांगतो, ऐक. दुसऱ्यांदा तुटल्यावर सुपडू तुझ्यासाठी थांबला होता, अजून दोन टिकटिक थांबणार होता. तुला वाटलं वेळ नाही, आणि तू त्याच्या आधी आलास. तिसऱ्या तुकड्याला घाई झाली, विलास.

पुन्हा घे.